सुनेला खाडीचं म्हावरं द्यायचं की नाही?

(ठाणे खाडीच्या काठावरच्या एका गावात कोळी आणि आगरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलीतलं बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलं आहे.)



मागच्या बैठकीला मी इथं आले तेव्हा रेशनकार्डाचा विषय होता. बैठक संपली, सगळ्या उठल्या, आणि एका मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, सून पोटुशी आहे. तिला खाडीचं म्हावरं द्यायचं की नाही? पोरगा म्हणतो खाडी खराब झाली, देऊ नको. आणि मी म्हणते, माझी चार बाळंतपणं याच म्हावऱ्यावर झाली."

मला उत्तर देता आलं नाही. "विचारून सांगते" असं म्हणून मी सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र हा प्रश्न सुटेना. त्यानंतरचे दोन महिने मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या मागे लागले. आज मावशींचं उत्तर घेऊन आले आहे. ते हो किंवा नाही इतकं सरळ नाही, म्हणून थोडा वेळ घेणार आहे.

आधी 'जड धातू' म्हणजे काय ते पाहू. पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, हे ते धातू. नावं कारखान्यातली वाटली तरी वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत. पारा जुन्या तापमापकात असायचा. शिसं बॅटरीत आणि जुन्या रंगात. कॅडमियम आणि क्रोमियम मुलामा देण्याच्या कामात. घरातला ओला कचरा कुजतो आणि मातीत मिसळून जातो. धातूचं तसं नाही. तो कुजत नाही, जळून संपत नाही. एकदा खाडीत आला की पाण्यातून चिखलात, चिखलातून किड्यात, किड्यातून माशात आणि माशातून आपल्या ताटात असा फिरत राहतो.

खाडीत तो आला कुठून? १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनं, रंग, औषधं, मुलामा देण्याचे कारखाने आले. आपल्या देशात कॉस्टिक सोडा बनवण्याची एक जुनी पद्धत होती. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची आणि त्यात पाऱ्याचा थर वापरायचा. तो सोडा साबणात, कागदात, कापडात जायचा आणि थोडा थोडा पारा सांडपाण्यात जायचा. ही पद्धत आपल्याकडं आता मोडीत निघाली आहे. पण चिखलात बसलेला पारा कारखान्याची पद्धत बदलली म्हणून उठून जात नाही.

आणि हे काही आज कळलेलं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ सालीच प्रसिद्ध केला. इंग्रजीत, शास्त्रज्ञांच्या मासिकात. तेव्हा इथल्या ज्या बाया ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवं वेचत होत्या, त्यांच्यापैकी कुणाला कुणी येऊन मराठीत सांगितलं का? इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना मी मघाशी विचारलं. एकीचाही हात वर झाला नाही.

आता मी तुम्हाला जपानला नेणार आहे. लांबचा प्रवास आहे, पण गाव आपल्यासारखंच आहे. त्याचं नाव मिनामाता. समुद्राच्या आत वळलेल्या भागावर वसलेलं कोळ्यांचं गाव. तिथं चिस्सो नावाच्या कंपनीचा मोठा कारखाना होता. १९३२ पासून तिथं ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनत होतं, त्यासाठी पारा वापरत होते आणि सांडपाणी समुद्रात सोडत होते.

पहिल्यांदा मांजरं वेडी झाली. कोळ्यांच्या घरातली मासे खाणारी मांजरं गरगर फिरायची आणि मरायची. मग माणसं. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, दृष्टी आखडणं, झटके येणं. १९५६ च्या मे महिन्यात या आजाराची सरकारदरबारी पहिली नोंद झाली. पहिले रोगी लहान मुली होत्या. लोकांना वाटलं साथीचा रोग आहे. रोग्यांच्या घरी कुणी जाईना, त्यांच्या हातून दुकानदार पैसे घेईना. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा सेंद्रिय पाऱ्याचा परिणाम आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीनं पाणी शुद्ध करणारं यंत्र थाटामाटात बसवलं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. त्याच महिन्यात रोग्यांच्या कुटुंबांना थोडी 'सहानुभूतीची' रक्कम देऊन लिहून घेतलं की पुढं दोष कंपनीचा निघाला तरी आम्ही जास्त मागणार नाही. पारा वापरणारं ते उत्पादन बंद झालं १९६८ मध्ये, आणि सरकारनं कारण मान्य केलं तेही त्याच वर्षी. तोवर बारा वर्षं गेली होती. तो करारनामा १९७३ साली कोर्टानं रद्दबातल ठरवला.

या बारा वर्षांतली एक गोष्ट मला तुम्हाला खास सांगायची आहे, कारण ती बाईच्या बोलण्याची आहे.

डॉक्टर मासाझुमी हरादा तेव्हा तरुण होते. १९६१ मध्ये ते मिनामाताच्या वस्तीत तपासणीला गेले. एका घराच्या ओट्यावर दोन भाऊ खेळत होते. दोघांची लक्षणं सारखी. आईला विचारलं तर ती म्हणाली, थोरल्याला मिनामाताचा रोग आहे आणि धाकट्याला नाही. का नाही? कारण धाकट्यानं मासा कधी तोंडात घातलेला नाही, तो जन्मापासूनच असा आहे. डॉक्टर लोक म्हणतात त्याचा मेंदू जन्मतः अधू आहे. पण मला ते पटत नाही, ती म्हणाली. हा पोटात होता तेव्हा मासा मी खात होते. माझ्यातलं विष त्याच्यात गेलं.

तेव्हाचं वैद्यकशास्त्र म्हणत होतं की वार बाळाचं रक्षण करते, विष आत जाऊ देत नाही. शाळा फारशी न शिकलेली एक कोळीण म्हणत होती की जाऊ देते. दुसऱ्याच वर्षी मरण पावलेल्या मुलांच्या तपासणीतून सिद्ध झालं की कोळीण बरोबर होती. पुढं हेही कळलं की पाऱ्याचं हे सेंद्रिय रूप, मिथाइल पारा, वारेतून नुसता जातच नाही तर नाळेच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. मिनामातात अशा काही आया होत्या की त्यांना स्वतःला फारसा त्रास नाही आणि लेकरू मात्र जन्मभराचं अपंग. एका आईनं आपल्या मुलीबद्दल म्हटलं की ती आमच्या घराची लक्ष्मी आहे, माझ्या अंगातलं विष तिनं स्वतःवर घेतलं म्हणून मी आणि तिची भावंडं वाचलो. ती मुलगी एकविसाव्या वर्षी गेली.

जपानमध्ये वाळलेली नाळ छोट्या डबीत जपून ठेवायची चाल आहे. आपल्याकडं आपण नाळ पुरतो. कारखाना जोरात चालू होता त्या वर्षांत किती विष समुद्रात गेलं याचा धड हिशेब कुणी ठेवला नव्हता. तेव्हा आयांनी त्या डब्या बाहेर काढल्या. नाळेतला पारा मोजला गेला, आणि कोणत्या वर्षी जन्मलेल्या मुलाच्या नाळेत किती, यावरून त्या वर्षांचा हिशेब लागला. कंपनीच्या वह्यांत नव्हतं ते बायांच्या फडताळात होतं.

आता दुसरी बाजूही ऐका. १९६५ मध्ये जपानमध्येच निगाता इथं हाच रोग नदीकाठच्या लोकांत सापडला. तिथं केसांतला पारा मोजला आणि ज्या स्त्रियांच्या केसांत तो दहा लाखात पन्नास भागांहून जास्त निघाला, त्यांना सांगितलं की गर्भ राहू देऊ नका. म्हणजे पारा सोडला कारखान्यानं आणि कुलूप लागलं बाईच्या गर्भाला. हे मी लक्षात ठेवते, कारण आपल्याकडंही पहिला सल्ला बाईलाच मिळतो. हे खाऊ नको, तिथं जाऊ नको, ओहोटीला उतरू नको. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन 'हे सोडू नको' असं सांगायला कुणी निघत नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या खाडीत मांजरं काही नाचत नाहीत. खरं आहे. ठाण्याची खाडी म्हणजे मिनामाता, असं मी म्हणत नाही. पण कमी मात्रेचं विष नाचून दाखवत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये फॅरो नावाची बेटं आहेत. तिथले लोक पारा साठलेलं व्हेलचं मांस खातात. १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या नाळेच्या रक्तातला पारा तिथं मोजला आणि मुलं सात वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी केली. मुलं दिसायला धडधाकट होती. पण नाळेत पारा जास्त होता त्या मुलांची भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी मागे होती. शाळेत मास्तर म्हणणार, पोरगं ढ आहे. आणि आईला वाटणार, आपणच कुठंतरी कमी पडलो.

दुसऱ्या धातूंचंही बाईच्या शरीराशी वेगळं नातं आहे. शिसं हाडात साठतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बाळासाठी आईच्या हाडातून कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर जुनं साठलेलं शिसंही बाहेर पडतं. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं बसून राहतं. जपानच्या तोयामा भागात खाणीच्या पाण्यातलं कॅडमियम भातशेतीत गेलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. रोग्यांत बहुसंख्य होत्या उतारवयाच्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायका. त्या रोगाचं नावच मुळी 'दुखतंय, दुखतंय' असं आहे. आणि एक गोष्ट नीट ऐका. अंगात लोह कमी असेल तर शरीर कॅडमियम आणि शिसं जास्त ओढून घेतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी बाई धातूचं विष मात्र आधी आणि जास्त घेते. ताटातली विषमता अशी हाडापर्यंत जाते.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येते.

माशातला बहुतेक पारा मिथाइल पाऱ्याच्या रूपात असतो. तो माशाच्या मांसाला घट्ट धरून बसतो. धुऊन, मीठ लावून, चिंच-कोकम घालून, वाळवून किंवा उकळून जात नाही. पण सगळ्या माशांत तो सारखा नसतो. लहान मासा थोडा पारा घेतो. मोठा मासा असे हजार लहान मासे खातो, बरीच वर्षं जगतो आणि सगळ्यांचा पारा आपल्यात साठवतो. म्हणून बोंबील, मांदेली, जवळा, तारली, बांगडा यांत तो सहसा कमी असतो आणि मोठी मुशी, मोठा कुपा, भली मोठी सुरमई यांत जास्त. दूध यावं म्हणून बाळंतिणीला मुशी करून घालायची चाल आहे. माया त्यामागं खरीच आहे, पण मोठ्या मुशीच्या बाबतीत ही चाल आता सोडायला हवी.

थोडा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये पोटातल्या बाळाचा विचार करून मर्यादा घातली. शरीराच्या दर किलो वजनामागं आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा, त्याहून जास्त नको. पन्नास किलोच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणं साध्या माशात किलोला अर्धा मिलिग्रॅमपर्यंत पारा चालतो. बरोबर या मर्यादेवरचा मासा असेल, तर १६० ग्रॅममध्येच त्या बाईची आठवड्याची मर्यादा संपते. म्हणजे जेमतेम दोन तुकडे. शहरातली बाई आठवड्यातून एकदा मासा आणते. तुम्ही दोन वेळा खाता. कायद्यात बसणारा मासा म्हणजे तुमच्यासाठी निर्धोक मासा, असं नाही. आणि माशात पारा याच्या दहावा हिस्सा असेल, तर तीच बाई आठवड्याला दीड किलो खाऊ शकते. मग प्रश्न उरतो तो एवढाच की तुमच्या खाडीच्या माशात तो किती आहे?

म्हणून मावशी, माझं उत्तर असं आहे. सुनेचं म्हावरं तोडू नका. त्यातली प्रथिनं, आयोडीन आणि स्निग्धांश तिच्या आणि बाळाच्या मेंदूला हवेत, आणि त्या ऐवजी महागडं काही तिच्या ताटात येणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे. लहान मासे द्या, शक्यतो बाहेरच्या समुद्रातले. मोठे शिकारी मासे या काळात टाळा. नाल्याच्या किंवा पाइपाच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या तिला देऊ नका. कालवं आणि तिसऱ्या दिवसभर पाणी गाळून जगतात, पाण्यातलं जे असेल ते त्यांच्यात साठतं. लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नका. लग्न व्हायचं आहे त्या मुलींनीही हे आतापासून पाळावं. अंगातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे त्याला उतार आहे.

पण हे अर्धंच उत्तर झालं. इथंच थांबले तर मीही बाईलाच सल्ला देऊन मोकळी झाले असं होईल. उरलेलं उत्तर आपण मिळून द्यायचं आहे.

पहिली अडचण मला ठाऊक आहे. बाजारात बसणारी बाई म्हणते, "हे बोललात तर माझी पाटी कोण घेईल?" खोटी भीती नाही ही. मिनामातात कोळ्यांनीच रोग्यांना गप्प केलं, कारण मासा खपेना. पण गप्प राहून मासा वाचला नाही, माणसं मात्र गेली. आपण 'मासा खराब' असं बोलायचं नाही. आपण म्हणायचं, 'आमचा मासा तपासा, गावानुसार आकडे द्या, चांगला आहे त्याला चांगला म्हणा'. खरे आकडे हे तुमच्या पाटीचं संरक्षण आहे. अफवाच पाटी बुडवते.

दुसरी अडचण, "माझा पोरगा त्याच कारखान्यात आहे." तोही आपलाच आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये चिस्सोच्या कामगार संघटनेनं ठराव करून म्हटलं की इतकी वर्षं आपण या रोग्यांसाठी काही केलं नाही याची आम्हाला लाज वाटते, यापुढं आम्ही त्यांच्या बाजूनं लढू. आत काय मिसळतं आणि रात्री कधी सोडतात हे कामगारालाच माहीत असतं. त्याला शत्रू समजू नका, बरोबर घ्या.

मग मागायचं काय?

एक. नुसतं पाणी तपासून आम्हाला कागद दाखवू नका. भरतीच्या पाण्यात धातू नावापुरता सापडतो, तो बसतो चिखलात आणि शिंपल्यात. चिखल, तिसऱ्या, कालवं आणि आम्ही खातो ते मासे तपासा, पावसाआधी आणि पावसानंतर. आकडे मराठीत लिहून गावात फळ्यावर लावा.

दोन. कोणत्या कारखान्याला काय आणि किती सोडायची परवानगी आहे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात ते मिळतं. अर्ज कसा करायचा ते आज जेवणानंतर आपण करून पाहणार आहोत.

तीन. केस किंवा रक्त तपासायला कुणी आलं तर आधी आमची संमती घ्या आणि निकाल आमच्याच हातात द्या. आमची शरीरं कुणाच्या पदवीचं सामान नाहीत.

चार. भरपाईच्या याद्या होडीच्या नावावर होतात आणि होडी पुरुषाच्या नावावर असते. हातानं तिसऱ्या वेचणारी, सुकट वाळवणारी, पाटी घेऊन फिरणारी, या सगळ्या मच्छीमार आहेत. त्यांची नावं यादीत घाला.

हे होत नाही असं म्हणू नका. पालघरकडच्या मांगेला समाजाच्या संघटनेनं तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडं २०१६ मध्ये दाद मागितली आणि लवादानं २०२२ च्या जानेवारीत कारखान्यांनी कोट्यवधींची भरपाई भरावी असा आदेश दिला. ती माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती. आपल्या या खाडीत रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फार चांगलं झालं. पाखरांची मोजणी होते, तशी त्याच चिखलात उभ्या असलेल्या बायांचीही व्हावी, एवढंच आपलं म्हणणं.

शेवटी एक काम, आजपासूनचं. मी एक वही आणली आहे. ओहोटीला जाल तेव्हा तारीख घाला. पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, तिसऱ्या किती मिळाल्या, कोणत्या जातीचा मासा दिसेनासा झाला, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर नात लिहील. त्या जपानी आयांनी नाळा जपल्या म्हणून साक्ष उरली. आपली साक्ष आपण वहीत जपू. धाकट्या मुलाच्या आईला जे कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही, ते आपल्याला विचारायची वाट आपण पाहायची नाही.

मावशी, पहिलं पान तुमच्या नावानं उघडते. सांगा, तुमच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी या खाडीत काय काय मिळायचं?